शुक्रवारचा नंबर

१

सोमवारी सकाळी उज्वलानं नुकताच कॉम्प्युटर सुरू केला होता. मान वर केली तर काउंटरपाशी स्वप्निल उभा. पायात चप्पल नाही, खांद्यावर कोरं पांढरं कापड. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, मशीन सुधरली का?"

"कोणती मशीन?"

"जी बिघडली म्हणून शुक्रवारी माह्या बापाले येऊ नका म्हणलं तुमी."

उज्वलाला आधी वाटलं, पोरगा भलत्याच दवाखान्यात आला. पण स्वप्निलला ती चांगली ओळखत होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो बोरगाव मेघेहून मोटारसायकलवर आपल्या बापाला, मनोहररावांना, वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या या डायलिसिस सेंटरच्या दारात सोडायचा आणि तसाच कामावर जायचा. मनोहरराव भाजीपाला पिकवणारे. वांगी, पालक, मेथी. सत्तरीला टेकलेला माणूस, पण मशीनवरून उठला की दुसऱ्या दिवशी वावरात.

"काल पहाटे गेले," स्वप्निल म्हणाला. "दम लागला. मोठ्या दवाखान्यात नेता नेता रस्त्यातच."

ज्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याचं रक्त मशीननं धुवावं लागतं. एक नंबर चुकला की अंगात पाणी साठतं, रक्तात नको ते चढतं आणि बोलता चालता माणूस जातो. दर नव्या पेशंटला उज्वला हे स्वतः समजावून सांगायची. मशिनी पाच, पेशंट त्याहून कितीतरी जास्त. कोणाला कोणत्या दिवशी मशीन द्यायची, कोणाला थांबवायचं, कोण आलं नाही म्हणून फोन करायचा, कोणाला रागवायचं आणि कोणाला धीर द्यायचा, हे सगळं तिच्या टेबलावर यायचं. तिच्या बिल्ल्यावर 'पेशंट कोऑर्डिनेटर' असं छापलेलं होतं. लोक तिला नंबरवाली मॅडम म्हणत.

शुक्रवारी पाचही मशिनी चालू होत्या. मनोहरराव आले नाहीत एवढंच खरं.

"स्वप्निल, मी असा फोन केला नाही. एकच केला होता सकाळी, दुपारी थोडं लवकर या म्हणून."

स्वप्निलनं खिशातून आईचा मोबाइल काढून काउंटरवर ठेवला. शुक्रवारी सकाळी एकाच नंबरवरून दोन फोन आले होते, एकामागोमाग एक.

"हा पयला, लवकर या म्हणून. मंग हा दुसरा कोणाचा?"

नंबर दोन्हीकडे तोच होता. उज्वलाच्या कोपराशी ठेवलेल्या सेंटरच्या फोनचा.

२

स्वप्निलनं तक्रार दिली, आणि दुपार व्हायच्या आत पोलीस आले. सहायक निरीक्षक पौर्णिमा ढगे ही अंगानं किडकिडीत, चाळिशीची बाई. सेंटरचे डॉक्टर अनुप उमाटे त्यांना केबिनमध्ये बसा म्हणाले, तर त्या बाहेरच्या बाकावरच बसल्या आणि तिथूनच काउंटरकडे पाहत राहिल्या. पेशंटला तिथून काय काय दिसतं, काय ऐकू येतं, हे त्या बघत होत्या असं उज्वलाला नंतर कळलं.

डॉक्टर घाबरले होते. मशीन एकही बंद नव्हती, आपण कोणाला असा निरोप द्यायला सांगितलं नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. फोन उचलायचं काम एकट्या उज्वलाचं, हेही सांगितलं. दुसरा कर्मचारी म्हणजे टेक्निशियन रोशन. तो मशिनींच्या खोलीतून सहसा बाहेर येत नाही. शिवाय मनोहररावांच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, पोराला सांगितलं होतं की फोनवर बाई बोलत होती.

सेंटरमध्ये नोकरीला बाई एकच होती.

"तुम्ही सकाळभर इथून उठला नाहीत?" पौर्णिमा मॅडमनी विचारलं.

उज्वलाला आठवलं. सकाळच्या एका पेशंटचं मशीनवरच बीपी उतरलं, तो डोळे फिरवायला लागला. रोशननं हाक मारली तशी ती आत पळाली होती, पेशंटचे पाय वर धरून उभी राहिली होती. तेवढा वेळ काउंटर मोकळा होता.

रोशनला विचारलं. तो सरळ माणूस, पण खोटी ग्वाही देणारा नव्हे. मॅडम आत आल्या होत्या हे खरं, म्हणाला, पण फोनच्या आधी की नंतर हे मी कसं सांगू. माझं लक्ष पेशंटकडे होतं.

"बरं. मनोहरराव आले नाहीत, तर त्यांची मशीन रिकामी राहिली?"

"नाही," उज्वला म्हणाली. "दुपारी एक पेशंट फार वाईट हालतीत आली. डॉक्टरांनी तिला घेतलं."

"कोण?"

"देवकाबाई. गिरडच्या."

पुढचं तिनं स्वतःच सांगायला हवं होतं. ती शब्द जुळवत राहिली, आणि तेवढ्या वेळात दारात उभा असलेला रोशन बोलून गेला, "मॅडमच्या मामी होय त्या."

डॉक्टरांनी चमकून उज्वलाकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

३

छडा लागेपर्यंत काउंटरवर बसू नका, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. घरी जा असंही म्हणाले, पण पौर्णिमा मॅडमनी थांबायला लावलं. म्हणून उज्वला सहा वर्षांत पहिल्यांदा काउंटरच्या बाहेर, पेशंटच्या बाकावर बसली.

बाकाच्या टोकाला छाया बसली होती, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची पोरगी गुंजन. एकोणीस वर्षांची पोर, चेहरा सुजून गोल झालेला. नवरा छायाला कधीच टाकून गेलेला. नालवाडीतच एका खोलीत मायलेकी राहत, छाया चार घरची धुणीभांडी करी. गुंजनला अजून कायमचा नंबर मिळाला नव्हता. कोणी आलं नाही तर तिला मशीन मिळे, म्हणून छाया तिला घेऊन सकाळपासून बाकावर येऊन बसायची. कधी नंबर लागे, कधी दिवेलागणीला दोघी तशाच परत जात.

गुंजनच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं, आणि तहान तर मरत नाही. छाया सकाळी मोजून दिलेलं पाणी संपलं की पोरीला लवंग चघळायला द्यायची. स्वतः ती पोरीसमोर कधी पाणीही पीत नसे. एकदा उन्हातून आली तेव्हा उज्वलानं ग्लास पुढे केला होता, तर ती ग्लास घेऊन बाहेर पायरीवर गेली आणि पाठ करून प्यायली.

"तुमी कायले केलं असन ताई," छाया हळूच म्हणाली. "मी सांगतो त्यायले."

उज्वलाला तेवढ्यानंही भरून आलं.

मामेभाऊ आदेश गिरडहून धावत आला. तो साधा शेतकरी, पोलीस म्हटल्यावर त्याची बोबडी वळली. तरी त्यानं सगळं नीट सांगितलं. मामी एरवी हिंगणघाटला डायलिसिस घ्यायची. नात्यातल्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, वर्ध्याला होतं. त्या गडबडीत मामीनं एक नंबर चुकवला. आदेश तिला घेऊन बसनं निघाला, आणि अर्ध्या वाटेत मामीचा श्वास कोंडला. साक्षगंधाचं घर राहिलं बाजूला, स्टँडवरून ऑटो करून तो तिला सरळ इथं घेऊन आला. उज्वलाला आधी फोन का केला नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, मोबाइलवर नंबर काढायले हात थिर नव्हते माहे.

पौर्णिमा मॅडमनी त्याच्याकडून बसची वेळ विचारून घेतली, बसमध्ये सोबत कोण होतं तेही विचारलं. मग त्या बाकाकडे वळल्या.

"शुक्रवारी तुम्ही दोघी इथंच होता?"

"होतो," छाया म्हणाली. "मॅडम आत गेलत्या तवा आमी बाहेर गेलतो. चहाले."

"दोघी?"

"हो. चहाले."

मांडीवरची गुंजन डोळे उघडून आईकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. पौर्णिमा मॅडम पुढच्या प्रश्नाला लागल्या. त्यांना ठाऊक नव्हतं ते उज्वलाला ठाऊक होतं. ज्या पोरीला घोट घोट मोजून पाणी मिळतं, तिला शेजारी बसवून छाया चहा प्यायली असती, हे काही केल्या पटणारं नव्हतं.

शिवाय छाया हेही म्हणाली होती की मॅडम आत गेल्या तेव्हा. उज्वला आत गेली हे तिला माहीत होतं, तर ती बाहेर कुठं होती?

४

संध्याकाळी पौर्णिमा मॅडम उज्वलाला घेऊन बोरगाव मेघेला गेल्या. पंचफुलाबाईला तिचा आवाज ऐकवायचा होता.

घराच्या अंगणात भाज्यांच्या रिकाम्या टोपल्या उपड्या घातलेल्या होत्या. पंचफुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. स्वप्निलनं उज्वलाला पाहून तोंड फिरवलं, पण म्हातारीनं सतरंजीकडे हात केला. बस म्हणाली.

ती सांगायला लागली. मोबाइल तिच्याजवळच असायचा, कारण म्हातारबुवांना तो नको होता. शुक्रवारी ती पहाटेच माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात गेली होती. दोन्ही फोन तिथंच आले. पहिल्या फोनवर लवकर या म्हटलं. दुसऱ्यावर येऊच नका म्हटलं. तिनं पोराला फोन लावून बापाला नेऊ नको म्हणून सांगितलं आणि पुन्हा भाजी तोलायला लागली. दुपारी घरी आल्यावर फोन खाटेवर टाकून वावरात गेली. त्यानंतर एक फोन येऊन गेला तो तिनं पाहिलाही नाही.

तो तिसरा फोन उज्वलाचा होता. मनोहरराव आले नाहीत म्हणून केलेला. कोणी उचलला नाही, तेवढ्यात मामी आली, आणि मामीच्या धावपळीत तिनं पुन्हा काही फोन लावला नाही. ती इतरांना तीन-तीनदा लावायची.

पौर्णिमा मॅडमनी उज्वलाला बोलायला लावलं. मशीन बंद आहे, सोमवारी या. तिनं ते म्हटलं.

पंचफुलाबाईनं डोळे मिटून ऐकलं. "बाजारात भल्ला गलका होता," ती म्हणाली. "आवाज हाच का दुसरा, नाई सांगता येत मले. देवाच्या नावानं खोटं बोलत नाई. पण बोलणं ध्यानात आहे."

"काय बोलणं? आठवेल तसं सांगा."

"पयल्या फोनवाली म्हणे, मनोहररावांना लवकर पाठवा. दुसरीनं म्हणलं, अण्णाजीले सांगजा, आज मशीन बंद आहे, सोमवारी आणजा. मंग म्हणे, तोवर पाणी मोजून देजा. टमाटे देऊ नका, संत्रे देऊ नका. भाजी शिजवली का तिचं पाणी फेकून देजा." म्हातारी थांबली. "अन् म्हणे, तहान लागली तर तोंडात लवंग धराले सांगजा, जीव राह्यते. मी तसंच केलं. सगळं तसंच केलं. दोन दिवस त्यायले मी घोटभर पाणी देल्लं नाई मनासारखं. शेवटच्या रात्री तांब्याकडे पाहे बुढा."

उज्वला आपल्या हातांकडे पाहत बसली. तिला उठून पळून जावंसं वाटत होतं.

५

गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती. पौर्णिमा मॅडम जीपमध्ये बसल्या नाहीत. बाजूला मनोहररावांचा वांग्याचा तुकडा होता, तिथं बांधावर थांबल्या.

"तुम्ही तो फोन केला नाहीत," त्या म्हणाल्या. "मनोहररावांना अण्णाजी म्हणतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. सेंटरमध्ये मी त्यांना नावानंच हाक मारायची."

"म्हणजे बोलणारी वेगळी. ती त्यांच्याजवळ बसणारी, बोलणारी कोणीतरी. दुसरं, तुमच्या कॉम्प्युटरला पासवर्ड आहे, पेशंटचे नंबर त्यात. बाहेरच्या माणसाला पंचफुलाबाईचा नंबर मिळणार कसा? पण दोन फोन पाठोपाठ झाले. तुमच्या फोनला शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटन आहे, ते मी पाहिलं. नंबर माहीत असायची गरजच नव्हती."

उज्वलानं मान हलवली.

"आता हेतू. सगळे म्हणतात, नंबर मामीला मिळाला, म्हणून भाचीनं केलं. पण फोन झाला तेव्हा तुमची मामी बसमध्ये धडधाकट बसली होती. बसमधल्या माणसाशी मी बोलले. ती इथं येणार हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. मग ज्याला नंबर मिळाला त्याच्याकडे बघून काय उपयोग? ज्याला तो मिळायची आशा होती, त्याच्याकडे बघायला हवं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमची मामी आली नसती, तर शुक्रवारी ती मशीन कोणाला मिळाली असती?"

हे उत्तर उज्वलाजवळ अंगणात बसल्यापासून होतं. तिच्या डोळ्यांसमोर शुक्रवारची दुपार उभी राहिली. मामीला खुर्चीवरून आत नेताना दाराची एक फळी सारखी मिटत होती. छायानं उठून ती धरून ठेवली होती, मामी आत जाईपर्यंत. मग ती बाकावर आली, गुंजनचं पांघरूण घडी करून पिशवीत भरलं आणि काही न बोलता पोरीला घेऊन घरी गेली. उज्वलाला त्या वेळी वाटलं होतं, किती समजूतदार बाई आहे.

"रोशन सांगेल मला," पौर्णिमा मॅडम म्हणाल्या. "पण मी तुम्हाला विचारतेय."

आई तुरुंगात गेली तर पोरीला मशीनपर्यंत आणणार कोण? घरात दुसरं माणूस नाही. आणि आपण बोललो नाही तर? समोरच्या अंगणात ती म्हातारी बसली होती, नवऱ्याला तहानलेलं ठेवल्याचं मनाला लावून घेऊन.

"गुंजनला," उज्वला म्हणाली. मग चहाचंही सांगितलं, आणि लवंगेचंही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी छाया बाकावर होती. मंगळवार, मनोहररावांचा वार. मशीन रिकामी असणार म्हणून ती पोरीला घेऊन आली होती. डॉक्टरांनी गुंजनला आत घ्यायला सांगितलं. तिला मशीनवर घेतल्याची खात्री झाल्यावरच पौर्णिमा मॅडम बाकावर बसल्या. उज्वलानं तेवढं मागून घेतलं होतं.

छायानं आढेवेढे घेतले नाहीत. लवंगेचं नाव निघालं तशी तिनं पदर तोंडाशी नेला.

"मी त्यायले मारलं नाई ताई," ती उज्वलाकडे पाहून म्हणाली. पोलीस बाईकडे तिनं पाहिलंच नाही. "एक नंबर पाह्यजे होता. एकच. गुंजन रातभर बसून राहे, आडवं झालं का जीव घाबरे तिचा. तुमी आत पळाल्या. फोन समोरच होता. तुमी अण्णाजीच्या घरी बोलल्या ते मी ऐकलं होतं. बटन दाबलं."

"आणि दुसऱ्या कोणाचा लागला असता तर?" उज्वलानं विचारलं.

छाया विचार करत राहिली. "तरी सांगतलं असतं," ती म्हणाली. "पण अण्णाजी होते म्हणून मनाले बरं वाटलं. ते वावरात जाते, पाटीभर वांगे उचलते. आमाले आणून देत. वाटलं, त्यायले दोन दिवस काई होत नाई. माही पोट्टी तर चार-चार दिवस काढते. म्हणून पाण्याचं, भाजीचं सगळं नीट समजावून सांगतलं मी."

ती जे पोरीसाठी करत होती तेच तिनं त्यांच्यासाठी सांगितलं होतं. खोटेपणा त्या बोलण्यात नव्हता, हे उज्वलाला कळत होतं, आणि तेच ऐकवत नव्हतं.

पौर्णिमा मॅडमनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मशीन देवकाबाईला गेली. तुमच्या पोरीला मिळाली नाही. तेव्हा तरी सांगायचं होतं. शुक्रवारची दुपार होती, शनिवार अख्खा होता. मनोहरराव तेव्हा जिवंत होते."

छायाचे ओठ हलले.

"कोणाले सांगू? सांगतलं असतं तर आमाले इथून काढून देल्लं असतं. मंग गुंजनचा नंबर कधीच लागला नसता." ती थांबली. "शनिवारी मी बोरगावले गेलती. त्यायच्या घरापोतर. अण्णाजी अंगणात बसून होते खाटेवर. वाटलं, बसून आहे म्हणजे बरे आहे. परत आलो."

"बोललीस त्यांच्याशी?" उज्वलानं विचारलं.

"नाई. त्यायनं पाह्यलं मले. हात वर केला. या म्हणत असन. त्यायले इचारलं असतं ना ताई, तर त्यायनं आपला नंबर देल्ला असता एक डाव. मले आता समजून राह्यलं ते."

आतून मशिनीचा आवाज येत होता. छायानं उठायच्या आधी एवढंच विचारलं की पोरीचं सुटायला अजून किती वेळ आहे, आणि तोवर थांबता येईल का. पौर्णिमा मॅडम थांबल्या. गुंजन बाहेर आली, आईनं तिच्या हातावरची पट्टी दाबून पाहिली, रक्त येत नाही ना ते बघितलं. मग पौर्णिमा मॅडम छायाला घेऊन गेल्या.

७

पंचफुलाबाईचा जबाब घ्यायला पौर्णिमा मॅडम पुन्हा बोरगावला गेल्या तेव्हा उज्वलालाही जायचं होतं. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिसऱ्या फोनचं सांगायचं होतं, ती आपल्या पायानं गेली. एक डाव उचलला नाही म्हणून मी पुन्हा लावला नाही, लावला असता तर कदाचित, असं ती बोलत गेली. म्हातारीनं ऐकून घेतलं.

जबाबावर अंगठा देताना तिनं आपला हात थांबवला.

"तक्रार मी मांगं घेत नाई. मरेपोतर घेत नाई. पण त्या पोरीले मशीन भेटली पाह्यजे. हेही लिहा त्याच्यात."

पौर्णिमा मॅडम म्हणाल्या की हे जबाबात लिहिता येत नाही.

"मंग तू ध्यानात ठेवजो," पंचफुलाबाई उज्वलाला म्हणाली, आणि अंगठा उमटवला.

डॉक्टरांनी उज्वलाला परत काउंटरवर बसवलं. माफी वगैरे मागितली नाही, फक्त कॉम्प्युटरचा नवा पासवर्ड दिला. मनोहररावांचा मंगळवार-शुक्रवार गुंजनला द्यायला ते कचरत होते. लोक काय म्हणतील, म्हणाले. तिच्या पुढे दुसरं कोणी नाही, नंबर तिचाच आहे, असं उज्वलानं सांगितलं, आणि डॉक्टरांच्या उत्तराची वाट न बघता नाव चढवलं.

शुक्रवारी गुंजन आली नाही.

उज्वलानं फोन लावला. मग पुन्हा लावला, मग पुन्हा. शेवटी काउंटर रोशनच्या हवाली करून ती ऑटोनं निघाली.

खोलीचं दार उघडंच होतं. गुंजन भिंतीला पाठ लावून बसली होती, पाठीशी दोन उशा रचलेल्या. मंगळवारी उतरलेली सूज पुन्हा चढली होती. बोलताना तिला मधेच श्वास घ्यावा लागत होता.

"आईले कधी सोडतीन?"

"माहीत नाही."

"मी नाई येत. तो नंबर अण्णाजीचा आहे." ती थोडी थांबली. "ते मले म्हणत, पोट्टे, तुले नंबर भेटला का माह्या घरी जेवाले ये."

उज्वला तिच्याजवळ खाली बसली. समजूत काढायला शब्द पुष्कळ होते, रोजच्या सवयीचे. त्यातला एकही तिच्यानं उच्चारवेना. तिनं घडलं तेवढंच सांगितलं. पंचफुलाबाईनं माफ केलेलं नाही. तुझ्या आईवर केस चालणार. आणि तुला मशीन मिळालीच पाहिजे असं तिनंच बजावून सांगितलं, लिहून घ्या म्हणाली.

गुंजननं मान वर केली.

"काऊन म्हणलं तिनं असं?"

"मी विचारलं नाही."

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. गुंजननं भिंतीचा आधार घेतला, उठली, आणि पुन्हा खाली बसली. उज्वलानं तिला काखेत हात घालून उभं केलं. पांघरूण पिशवीत भरलं. पोरीनं दार ओढून कुलूप लावलं आणि सवयीनं किल्ली चौकटीवरच्या फटीत ठेवायला हात वर नेला. आई कामावरून आली की तिथून घ्यायची.

हात तसाच वर राहिला. मग तिनं किल्ली मुठीत धरली आणि उज्वलाच्या खांद्यावर भार टाकून ती एकेक पाऊल ऑटोकडे चालू लागली.